होडीचें इंजिन कां अडतें?

मुंबईहून कर्जतच्या बाजूला निघालेल्या लोकल गाडीनें कल्याण सोडलें कीं पहिलें स्टेशन लागतें तें विठ्ठलवाडीचें. तेथें उतरणाऱ्या मनुष्याला होडीची आठवण व्हावी असें वरवर पाहतां कांहींच दिसत नाहीं. एस. टी. चा डेपो, रिक्षांची रांग, दुकानें आणि लहानमोठे कारखाने, हेंच तेथील दृश्य. वालधुनी नदी जवळून वाहते खरी. पण अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयाच्या पायाशीं वाहणारी ही नदी खालीं येईपर्यंत कारखान्यांच्या आणि रंगाच्या सांडपाण्यानें इतकी काळवंडते कीं तिच्यांत नाव लोटण्याचा विचार कोणी करणार नाहीं. असें असलें तरी हेंच पाणी पुढें कल्याणजवळ उल्हास नदीला मिळतें आणि कल्याणपर्यंत समुद्राची भरती येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. इ. स. १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हीं ठाणीं शिवाजी महाराजांनीं घेतलीं आणि त्यानंतर याच खाडीच्या कांठीं मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. २०१६ च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला. तेव्हां विठ्ठलवाडीला बंदर नसलें तरी बंदर तिच्यापासून फार दूर नाहीं.

आणि केव्हां केव्हां होडी स्वतःच रुळांपर्यंत येते. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत कल्याण-उल्हासनगरच्या सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या, तें पुष्कळांना स्मरत असेल. २७ जुलै २०१९ रोजीं याच लोहमार्गावर, बदलापूर आणि वांगणी या स्टेशनांच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरांत अडकली. गाडींत हजाराहून अधिक उतारू होते. त्यांना बाहेर काढण्यासाठीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले. नौदल, सैन्य आणि गांवकरी मदतीला धांवले. अशा वेळीं होडीच्या पाठीवरचें तें लहानसें इंजिन दोरी ओढतांच सुरू होतें कीं नाहीं, या एका प्रश्नावर किती जीव टांगलेले असतात, तें निराळें सांगावयास नको. खाडींत रोज जाणाऱ्या कोळ्याचा प्रसंग इतका मोठा नसेल, पण जात तीच. ओहोटी लागली आहे, मासळी खणांत आहे, वारा पडला आहे, आणि इंजिन मुकें झालें आहे.

पूर्वी असें नव्हतें. शीड फाटलें तर फाटलेलें दिसे, वल्हें मोडलें तर मोडलेलें दिसे. दोष डोळ्यांसमोर असे. इंजिनाचा दोष पोटांतला. १८९७ मध्यें रुडॉल्फ डीझेल या जर्मन संशोधकानें आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि शेतांतल्या विहिरीवर जसें डीझेल इंजिन आलें, तसेंच तें यथाकाल किनाऱ्यावरच्या होड्यांतहि आलें. तांडेलाला वाऱ्याची आणि पाण्याची भाषा वाडवडिलांपासून येत होती. या नव्या पाहुण्याची भाषा त्याला कोणीं शिकविली नाहीं. ती तो मार खात खात शिकला. ती भाषा फार अवघड आहे असा समज आहे. वस्तुतः ती आपल्या स्वयंपाकघरांतल्या स्टोव्हपेक्षां फारशी निराळी नाहीं.

एक हकीकत डोळ्यांपुढें आणावी. कल्याणच्या खाडीपलीकडील एक नाखवा. त्याची होडी मध्यम बेताची, डीझेल इंजिनाची. इंजिन सुरू करण्यासाठीं बारा व्होल्टांची बॅटरी आणि ती भरण्यासाठीं इंजिनावर पट्ट्यानें फिरणारा अल्टरनेटर. एके सकाळीं त्यानें बटन दाबलें, तों ‘कट्ट’ असा एक आवाज आला आणि सारें शांत. दिवे मात्र लख्ख लागत होते. शेजारच्या होडींतली बॅटरी आणून तिच्या तारा लावल्या, तेव्हां इंजिन पहिल्याच फेरीला धडधडूं लागलें. नाखव्यानें सरळ अनुमान काढलें कीं आपली बॅटरी गेली. त्यानें नवी आणली. कांहीं आठवडे बरे गेले, पुन्हां तेंच. तेव्हां कोणीं तरी सांगितलें कीं बॅटरी भरतच नाहीं, अल्टरनेटर बिघडला आहे. त्यानें अल्टरनेटर खोलला, पोत्यांत घातला आणि गाडीनें विठ्ठलवाडीच्या एका कारागिराकडे नेला.

कारागिरानें तो आपल्या मेजावरच्या मोटरीला जोडून फिरविला. कांटा १४.२ व्होल्टांवर स्थिर उभा राहिला. त्यानें पोतें परत बांधून दिलें आणि म्हणाला, “नाखवा, याला कांहीं झालेलें नाहीं. पैसे घेऊन हा मी दुरुस्त करून दिला असता, तरी होडी तुमची सुरू झाली नसती. दोष होडींतच बसला आहे, तो गाडीनें इथवर यायचा नाहीं.”

दुकानदारीच्या दृष्टीनें हें बोलणें तोट्याचें होतें. पण असे कारागीर अजून आहेत.

दुसऱ्या दिवशीं तो खाडीवर गेला, तो फक्त एक व्होल्टमीटर, दोन पाने आणि घांसकागदाचा तुकडा घेऊन. येथें व्होल्ट म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गच्चीवरच्या टांकीचें पाणी खालच्या मजल्यावर जोरानें येतें, तो उंचीचा जोर म्हणजे व्होल्ट. नळांतून दर मिनिटाला जितकें पाणी वाहतें तें अँपिअर. आणि नळांत जो गंज व कचरा बसून पाण्याला अडवितो तो विरोध. शिशाच्या बॅटरींत दोन व्होल्टांहून थोडी अधिक शक्ति असलेलीं सहा घरें एकापुढें एक जोडलेलीं असतात. पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास विसावल्यावर १२.६ ते १२.७ दाखविते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते आणि ११.९ च्या खालीं गेली तर तिच्यांत घेण्यासारखें फारसें उरलेलें नसतें. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत अंतर एका व्होल्टाहूनहि कमी! नुसत्या दिव्याच्या उजेडावरून तें डोळ्याला कळत नाहीं. म्हणून ज्याच्या घरीं होडी आहे, मोटार आहे, अथवा वीज गेल्यावर पंखा फिरविणारा इन्व्हर्टर आहे, त्यानें एक साधा व्होल्टमीटर बाळगावा. देव्हाऱ्यांतल्या घंटेइतका तो घरांत हाताशीं असावा.

आतां दिवे लागतात आणि इंजिन फिरत नाहीं, याचा उलगडा. एका दिव्याला दोन अँपिअर वीज पुरते. इंजिन फिरविणारी मोटर, जिला कारखान्यांत ‘सेल्फ’ म्हणतात, ती मात्र एका दमांत दोनशें अँपिअर देखील ओढते. समजा, तारेच्या एखाद्या सांध्यांत एका ओहमाचा शंभरावा हिस्सा इतका क्षुद्र विरोध आहे. दोन अँपिअरच्या दिव्याला तेथें दोन शतांश व्होल्ट गमवावे लागतात. त्याला पत्ताहि लागत नाहीं. दोनशें अँपिअरच्या सेल्फला मात्र तेथेंच दोन पूर्ण व्होल्ट टाकून पुढें जावें लागतें. विरोध आणखी वाढला तर सेल्फपाशीं पोंचतें तें नांवापुरतें. बारीक धारेनें घागर भरणाऱ्याला नळांतला गाळ जाणवत नाहीं. आगीच्या बंबाला जाणवतो. दिवा लागतो म्हणून बॅटरी आणि तारा उत्तम आहेत, हा समज या धंद्यांत जितका खर्च करवितो तितका दुसरा कोणताहि करवीत नसेल.

कारागिरानें प्रथम बॅटरी मोजली. ती १२.१ निघाली, म्हणजे अर्ध्याहून थोडी कमी. नंतर त्यानें शेजारची बॅटरी आणवून पूर्वीसारखें इंजिन सुरू करविलें, परंतु तारा लावतांना नाखव्याचा हात धरला. “थांबा. गेल्या वेळीं ही काळी तार कोठें लावली होती?” नाखव्यानें इंजिनाच्या अंगावरचा एक बोल्ट दाखविला. त्याबरोबर कारागिराच्या ध्यानांत अर्धें कोडें आलें. शेजारच्या बॅटरीची ऋण तार थेट इंजिनाला चिकटली होती. नाखव्याच्या स्वतःच्या बॅटरीची वीज मात्र आपल्या जुन्या ऋण तारेनें, खालच्या आडबाजूच्या सांध्यांतून, इंजिनापर्यंत जात होती. शेजाऱ्याच्या बॅटरीनें इंजिन सुरू झालें तें ती नवी म्हणून नव्हे, तर तिला वाट मोकळी मिळाली म्हणून.

इंजिन चालू झाल्यावर उसन्या तारा काढल्या आणि मोजणी पुरी झाली. अल्टरनेटरच्या खुंटीपाशीं १४.४ व्होल्ट. बॅटरीच्या खुंट्यांवर अवघे १२.९. वाटेंत दीड व्होल्ट कोणीं तरी खात होतें. मग त्यानें मीटरचें एक टोंक अल्टरनेटरच्या धन खुंटीवर आणि दुसरें बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवलें. फरक एक दशांश. म्हणजे तांबडी वाट निर्दोष. नंतर एक टोंक अल्टरनेटरच्या लोखंडी अंगावर आणि दुसरें बॅटरीच्या ऋण खुंटीवर. फरक १.४. चोर सांपडला. इंजिनाच्या बैठकीखालीं, जेथें बिल्जचें खारें पाणी सतत शिंपडतें, तेथें ऋण तारेचें टोंक एका बोल्टाखालीं दाबलेलें होतें. वर रंगाचा थर, खालीं लोखंडाचा गंज आणि मध्यें हिरवी भुकटी. पाना लावून खोललें, सर्व धातु घांसकागदानें पांढरी होईपर्यंत घांसली, टोंक बदललें, घट्ट आवळलें, वरून ग्रीस माखलें. सारा खर्च एका तारेच्या टोंकाचा आणि अर्ध्या तासाचा. पुन्हां मोजलें तेव्हां बॅटरीच्या खुंट्यांवर १४.२ आले.

नवी बॅटरी मग कां खराब झाली? कारण ती कधींच पुरी भरली नाहीं. शिशाची बॅटरी अर्धपोटीं राहिली कीं तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या गंधकाम्ल-क्षाराचे कण बसतात. लवकर भरली तर ते विरघळतात, पण आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर कडक होतात आणि तेवढी पट्टी कायमची कामांतून जाते. म्हणजे बॅटरी मेली हें खरेंच होतें. तिला मारणारा मात्र दुसरा होता, आणि तो प्रत्येक नव्या बॅटरीची वाट पाहत बसला असता.

ती हिरवी भुकटी आपल्या घरांतील गृहिणींना चांगली ओळखीची आहे. पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें कीं तें कळकतें. म्हणून भांड्याला आंतून कल्हई करतात. खाऱ्या हवेंत तांब्याची तार याच रीतीनें कळकते, आणि कळंक वरच्या आवरणाखालून वीत-दोन वीत आंतपर्यंत शिरतो. तार बाहेरून तांबडी चकचकीत दिसते. आंतून तिची राखुंडी झालेली असते. यावर उपायहि तोच, कल्हई! होडीसाठीं कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा मिळतात. त्या साध्या तारांहून महाग असतात आणि त्यांच्याहून किती तरी पट टिकतात. घरगुती फिटिंगची उरलेली तार होडींत ओढणें म्हणजे बिनकल्हईच्या पातेल्यांत चिंचेचें सार करणें होय.

प्रत्येक वेळीं दोष ऋण तारेचाच असतो असें मात्र नाहीं. अल्टरनेटरच्या खुंटीवरच व्होल्ट चढत नसतील तर प्रथम पट्टा पाहावा. दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्यानें दाबला असतां तो साधारण अर्धा इंच लवावा. त्याहून फार लवला तर तो घसरतो, सुरवातीला किंचाळतो आणि आजूबाजूस काळी पूड टाकतो. पुष्कळ इंजिनांवर हाच पट्टा थंड पाण्याचा पंपहि फिरवितो. त्यामुळें चार्जिंगचा तांबडा दिवा एकाएकीं लागला तर ‘बॅटरीचें घरीं गेल्यावर पाहूं’ असें म्हणणें धोक्याचें. पट्टा तुटला असेल तर पांच-दहा मिनिटांत इंजिनच तापून बसेल. आणि हा तांबडा दिवा मुळींच कधीं लागत नसेल तर? तेंहि वाईट. कित्येक अल्टरनेटरांना पहिलें चुंबकत्व या दिव्यांतून येणाऱ्या चिमूटभर विजेनें मिळतें. क्षुल्लक किंमतीचा बल्ब उडाला म्हणून महागडा अल्टरनेटर मुका बसतो आणि माणूस अल्टरनेटर बदलतो. किल्ली फिरविल्यावर दिवा लागावा आणि इंजिन चालू झाल्यावर विझावा, हीच त्याची निरोगी स्थिति.

उलट बाजूनें, बॅटरीवर पंधराहून अधिक व्होल्ट चढूं लागले तर नियामक बिघडला असें समजावें. बॅटरी उकळल्यासारखी फसफसते, अंगाला गरम लागते, पाणी आटतें आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. भरणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो. बंद खणांत तो सांचला आणि कोणीं विडी शिलगावली तर पुढचें वर्णन नको. बॅटरीचा खण वरच्या बाजूनें मोकळा असावा. तिच्या तारा काढतांना ऋण आधीं काढावी आणि लावतांना ती शेवटीं लावावी, म्हणजे हातांतला पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाहीं. आणि इंजिन चालू असतांना ‘अल्टरनेटर वीज देतो कीं नाहीं पाहूं’ म्हणून बॅटरीची तार उपटण्याची जी जुनी खोड आहे, ती डायनॅमोच्या काळीं कशी तरी खपून जाई. अल्टरनेटरच्या पोटांत नाजूक डायोड असतात. बॅटरीचा आधार सुटतांच व्होल्ट उसळी घेतात आणि डायोड जळतात. परीक्षा करणाराच परीक्षेचा बळी घेतो.

आतां दुसरी तक्रार. सेल्फ इंजिनाला झपाट्यानें फिरवितो आहे, पण इंजिन पेट घेत नाहीं. येथें बॅटरीचा दोष संपला. तिच्या मागें लागूं नये. डीझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांतली हवा इतकी दाबली जाते कीं तीच तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि तींत तेलाचा बारीक फवारा पडतांच भडका होतो. म्हणून त्याला तीनच गोष्टी हव्या: हवा, दाब आणि स्वच्छ तेल. त्यांतल्या पहिल्या दोन सहसा एका रात्रींत बिघडत नाहींत. राहिलें तेल. तेथेंहि सर्वांत आधीं बंद करण्याची दांडी पाहावी. काल संध्याकाळीं इंजिन थांबवितांना ती ओढली आणि परत ढकलावयाची राहिली, यापायीं वाया गेलेल्या सकाळींची गणती नाहीं. टांकीची चावी बंद राहिली हा तिचाच भाऊ.

या दोन्ही ठीक असतील तर इंजिनानें हवा धरली असें समजावें. तेलाचा पंप टांकींतून तेल ओढतो; त्या ओढणाऱ्या नळींत एखादा सांधा ढिला असला तर तेल बाहेर ठिबकत नाहीं, हवा आंत शिरते. म्हणून हा दोष फडक्यानें पुसून सांपडत नाहीं. नळींत हवेचा बुडबुडा आला कीं पंप त्यालाच दाबीत बसतो आणि तेल पुढें सरकत नाहीं. मग फिल्टरच्या माथ्यावरचा लहान स्क्रू सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेस येईल, नंतर अखंड तेल येईल, तेव्हां स्क्रू आवळावा. पुढें पंपावरचा स्क्रू, आणि शेवटीं नॉझलकडे जाणाऱ्या नळ्यांचीं तोंडें थोडीं सैल करून इंजिन फिरवावें. हा क्रम टांकीकडून इंजिनाकडे असाच ठेवावा. नॉझलच्या नळींत तेल फार मोठ्या दाबानें येतें. त्या धारेपुढें बोट धरूं नये, तें कातडींतून आरपार जातें.

सुरू झालेलें इंजिन मध्येंच बंद पडणें ही सर्वांत वाईट तक्रार. कारण ती नेहमीं वाईट ठिकाणींच होते. खाडी जेथें समुद्राला मिळते, तेथें ओहोटीचें पाणी आणि आंत येणारी लाट यांची गांठ पडते. होडी हिंदकळूं लागते आणि नेमकें तेव्हांच इंजिन गुदमरतें. लोक याला नशीब म्हणतात. नशीब नव्हे, टांकीचा तळ होय. रांजणांतलें पाणी स्थिर असतें तोंवर वरून निर्मळ दिसतें. रांजण हलविला कीं तळचा गाळ वर येतो. डीझेलच्या टांकींत वर्षानुवर्षें गंज, माती आणि पाणी तळाशीं बसतें. अर्धवट भरलेल्या टांकींत रात्रीं थंडाव्यानें हवेंतली वाफ भिंतींवर दंव होऊन उतरते आणि तळाशीं जमते. त्या पाण्याच्या व तेलाच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून काळी बुळबुळीत शेवाळ धरतात. शांत खाडींत हें सारें गप्प असतें. लाटेवर टांकी घुसळली कीं तें फिल्टरमध्यें जाऊन बसतें. स्टोव्हच्या तोंडाशीं कचरा अडकून ज्योत फडफडते तशी इंजिनाची गति वरखालीं होते आणि थांबते. यासाठीं टांकी शक्य तों भरलेली ठेवावी, फिल्टरखालच्या कांचेच्या वाटींतलें पाणी रोज सकाळीं सोडून द्यावें, आणि फिल्टर ज्या दिवशीं बदलला ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी. नवा फिल्टर होडींत असावा हें तर झालेंच. पण तो बदलण्याची रंगीत तालीम धक्क्याला बांधलेल्या होडींत एकदां तरी झालेली असावी. हलत्या होडींत, तेलकट हातांनीं, अंधारांत पहिला धडा घेणें कोणालाहि साधत नाहीं.

पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाला उल्हासच्या खोऱ्यांत आणखी दोन शत्रू आहेत. वरच्या अंगाला नदींत जलपर्णी माजते आणि पुराबरोबर खालीं येते. आणि प्लास्टिकच्या पिशव्या तर बारमाही आहेत. होडीच्या तळाला ज्या जाळींतून पाणी ओढलें जातें तिच्यावर एक पिशवी चिकटली कीं पाणी बंद. म्हणून अनुभवी तांडेल इंजिन सुरू करतांच आधीं कठड्यावरून वांकून बाहेर पडणारें पाणी पाहतो, मग दोरी सोडतो. पंपाच्या आंत रबरी पात्यांचें चक्र असतें. तें पाण्यावरच वंगण घेतें. कोरडें फिरलें तर मिनिटा-दोन मिनिटांत त्याचीं पातीं जळून तुटतात. नवें चक्र बसवितांना जुन्याचीं पातीं मोजावीं. सहांपैकीं चारच हातीं लागलीं तर उरलेलीं दोन पुढच्या नळींत कोठें तरी अडकून बसलेलीं आहेत, आणि तीं काढल्याशिवाय नवें चक्रहि उपयोगाचें नाहीं. तापलेल्या इंजिनाचें झांकण लगेच उघडूं नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. त्याच्यावर गार पाणी ओतणें हा तर शुद्ध अविचार. तापलेल्या कांचेच्या पेल्याचें जें होतें तेंच ओतीव लोखंडाचें होतें.

धुराकडेहि लक्ष असावें. काळा धूर म्हणजे तेल अधिक अथवा हवा कमी, किंवा इंजिनावर झेपत नाहीं इतकें ओझें. पुष्कळदां पंख्याला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो आणि दोष बिचाऱ्या नॉझलवर येतो. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. पांढरा धूर थंड सकाळीं क्षणभर दिसला तर हरकत नाहीं. टिकून राहिला तर न जळलेलें डीझेल किंवा सिलिंडरांत शिरलेलें पाणी, यांपैकीं एक. पंख्यांत अडकलेलें जाळें सोडवितांना इंजिन नुसतें गिअरमधून काढून भागत नाहीं, तें बंद करून किल्ली खिशांत ठेवावी.

पुराच्या वेळच्या रबरी होड्यांचीं पाठीवरचीं इंजिनें बहुधा पेट्रोलवर चालतात; त्यांना ठिणगी लागते, आणि त्यांच्या तक्रारी निराळ्या. तेथें चालकाच्या मनगटाला बांधलेल्या दोरीची चिमटी जागेवर नसली तर इंजिन कितीहि ओढलें तरी सुरू होत नाहीं. चालक पाण्यांत पडला तर इंजिन आपोआप थांबावें म्हणून ती योजना असते, आणि घाईच्या वेळीं तीच प्रथम विसरली जाते. टांकीच्या झांकणावरची हवेची चकती बंद राहिली तर पेट्रोल थोडा वेळ येऊन थांबतें. वर्षभर टांकींत राहिलेलें पेट्रोल शिळें होऊन चिकटतें. ज्या गांवांत, ज्या संस्थेत पुरासाठीं म्हणून अशी होडी ठेवलेली आहे, तेथें ती जून महिन्यापूर्वीं पाण्यांत घालून चालवून पाहिली आहे काय, हें नागरिकांनीं विचारावयास कांहीं हरकत नाहीं.

समुद्रावर जाणाऱ्या यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; होड्या कांठावर ओढून शाकारतात. हे दोन महिने बॅटरीला फार वाईट. ती होडींत तशीच सोडली तर आपोआप रिकामी होत जाते आणि श्रावणांत हातीं येतो तो शिशाचा दगड. तिच्या तारा सोडून ती घरीं कोरड्या जागीं आणावी, महिन्यांतून एकदां पुरी भरावी, आणि घरांत पाणी घालण्याच्या जातीची असेल तर पट्ट्या बुडतील इतकें शुद्ध केलेलें पाणी घालावें; नळाचें किंवा विहिरीचें नव्हे. समुद्राचें पाणी तिच्यांत शिरलें तर त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो, म्हणून होडींतहि तिची पेटी उंचावर आणि पट्ट्यानें बांधलेली असावी. नारळी पौर्णिमा जवळ आली कीं प्रथम वंगण पाहावें, टांकीच्या तळचें पाणी सोडावें, पट्टा दाबून पाहावा, ऋण तारेचा तो खालचा सांधा खोलून पुन्हां घांसावा. मग इंजिन हातानें दोन-चार फेऱ्या फिरवून मोकळें आहे याची खात्री करून घ्यावी. सेल्फचें बटन त्यानंतर दाबावें.